तांडेलकाकांची खिडकी

तांडेलकाका शिंक आली तरी लॉगआउट करायचे. खोटं वाटेल, पण शप्पथ! एका हाताने नाकाला रुमाल, दुसऱ्याने माउस, कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप बंद आणि मग शिंक. पाणी प्यायला उठले, बंद. कोणी हाक मारली, बंद. परत आले की फोन स्क्रीनसमोर धरून पुन्हा कोड स्कॅन. आमचं नेट असं दिव्य की ते चक्र फिरतच बसायचं आणि काका त्याच्याकडे बघत बसायचे. कोणी हसलं की म्हणायचे, "खिडकी माजी हाय. उगडनार मी, लावनार पन मीच."

आमचं ऑफिस न्हावा शेव्याला, बंदराजवळ. कस्टममधून कंटेनर सोडवून द्यायचे, हा धंदा. आणि हा सगळा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. ड्रायव्हर गेटवरून कंटेनरच्या सीलचा फोटो टाकतो, पार्टी कागद टाकते, ते सगळं आमच्या स्वतःच्या नंबरवर, कारण कंपनी फोन देत नाही. प्रिंट काढायला तेच अकाउंट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडायचं. म्हणजे सीलच्या फोटोखाली सासूबाईंचा निरोप आणि त्याच्याखाली माझा थायरॉईडचा रिपोर्ट. फोन आमचा, रिचार्ज आमचं आणि वाचायला साहेब मोकळे!

साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. कोणीतरी आपले रेट दुसऱ्या एजंटला कळवतं, असा त्यांना संशय. म्हणून फर्मान निघालं, व्हॉट्सॲप दिवसभर चालू ठेवायचं, बंद करायचं नाही. आम्ही जेवायला उठलो की स्वारी आमच्या टेबलांवर हजर. "कंपनीच्या कॉम्प्युटरवर दिसतं ते कंपनीचं," हे वर तत्त्वज्ञान. मी एकदा विचारलं, "सर, ऑफिसात खाल्लेला डबापण कंपनीचा का?" तर म्हणे, "ताई, तुम्ही लगेच पर्सनल घेता." अरे, पर्सनलच आहे ना मेल्या! हे मनातल्या मनात म्हटलं, नोकरी आहे ना.

आम्ही सगळे गपगुमान ऐकायला लागलो. काकांनी एकट्याने ऐकलं नाही. साहेब ओरडले की "हो हो" म्हणायचे आणि उठताना खिडकी लावूनच उठायचे.

दुसऱ्याच्या बाबतीतही तेच. माझ्या टेबलाकडे यायचं असलं तर दोन टेबलं आधीपासून खोकत यायचे, म्हणजे मला स्क्रीन बदलायला वेळ मिळावा. कोणाचा फोन टेबलावर वाजला तर तो उपडा करायचे आणि भिंतीकडे तोंड करून ओरडायचे, "कोनाचा तरी वाजतोय!" स्वतःचा डबा झाकण उभं धरून खायचे. आम्ही छेडायचो, "काका, डब्यात मांदेली आहेत की मैत्रीण?" पन्नाशी उलटलेला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन गेलेली, उरणकडे घरात एकटा. कानापर्यंत लाल व्हायचा.

एके दिवशी मात्र काका टेबलावरून उठले आणि तसेच बाहेर गेले. खिडकी उघडी.

साहेबांना काय, घबाडच मिळालं. आम्ही डबे उघडत होतो तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "या रे, आपले काका बघा!" काकांनी दुसऱ्या लग्नासाठी नाव नोंदवलं होतं आणि एका विधवा बाईंशी बोलणं चाललं होतं. साहेबांनी आधी त्या बाईंचं नाव वाचलं, मग गाव, आणि मग बायकी आवाज काढून मेसेज.

"'जेवलात का?' 'जेवलो, वालाचं बिरडं.' 'मीठ कमी खा हो.' 'तुम्ही सांगता तर कमी खातो.' आहाहा!"

दोघं-तिघं खो-खो हसले. मी म्हटलं, "सर, बंद करा ते." "ताई, जरा मजा आहे." माझं डोकं असं सणकलं! कोणाच्या तरी घरातलं बोलणं हा माणूस चौकात उभा राहून वाचत होता. तेवढ्यात मला दारात काका दिसले. साहेबांची पाठ होती, ते वाचतच होते.

"'मुलगा नको म्हणतो. या वयात लोक हसतील म्हणतो. आता मेसेज करू...'"

पुढचं तोंडातच राहिलं. मेसेज त्याच दिवशीचा होता, काका उठून गेले त्याच्या जरासा आधीचा.

"थांबलात कशाला?" काका दारातूनच बोलले. "अर्दं ऐकलंय समद्यांनी, आता पुरं ऐकू द्या. मी काय लिवलं ते वाचा."

साहेब स्क्रीनपासून मागे सरकले. मग काकांनीच सांगितलं, "बरं म्हनून लिवलं. पन येलेवर जेवत जा."

"सॉरी काका, गंमत म्हणून..."

"माजं सोडा. ती माज्याशी बोलली होती साहेब, तुमच्याशी नाय. तिला इचारलं होतंत?"

साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. त्यांना दार आहे!

मी तिथल्या तिथे म्हटलं, काका, हेड ऑफिसला तक्रार करू, आम्ही सगळे सह्या देतो, हा माणूस शिक्षा झाल्याशिवाय सुधारणार नाही. काका नाही म्हणाले. मी चिडले, आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "तक्रारीत काय वाचलं ते लिवावं लागंल. म्हंजे तिचं नाव परत धा मानसं वाचनार."

तक्रार झाली नाही. साहेब अजून तिथेच आहेत, आम्हीही.

संध्याकाळी सुटायच्या वेळी काका एकेका टेबलाशी जायला लागले. जे हसले होते त्यांच्याकडेही गेले. माझ्याजवळ आले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "ताई, दुपारी तिचं नाव ऐकलंत ना, आनी गाव? तेवडं इसरून जा."

मी म्हटलं, "कुणाचं नाव, काका?"

काकांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.