फेरी मारून पुन्हा या!

भर समुद्रात, हेलकावणाऱ्या जहाजावर लढाऊ विमान उतरते, तेव्हा त्याला त्याच्या जागेवर नेऊन उभे करण्याचे काम मी करतो. हे मी आत्ताच गर्वाने सांगून टाकतो, कारण या गोष्टीत पुढे गर्व करण्यासारखे काहीही येणार नाही!

विमान आभाळातून कोसळल्यासारखे येते. शेपटीखालच्या आकड्याने डेकवरची आडवी पोलादी तार पकडते आणि दाव्याला हिसका बसलेल्या खोंडासारखे थांबते. मग मी समोर उभा राहून हाताच्या खुणांनी त्याला पुढे घेतो, वळवतो, थोपवतो. तिथला गडगडाट असा, की कोणी कोणाशी बोलूच शकत नाही. माझ्यासारख्या लाजाळू माणसाला साऱ्या जगात याहून शांत जागा सापडली नाही.

माझी अडचण जमिनीवर सुरू होते. आणि सेनगाव तालुक्यातले आमचे साखरा गाव म्हणजे चारी बाजूंनी जमीनच आहे!

गेल्या रजेत आईने नरसीला, नामदेवांच्या देवळात, सृष्टीशी माझी गाठ घालून दिली. घरची माणसे मुद्दाम प्रसादाच्या रांगेत रेंगाळली. तिने सरळ माझ्याकडे पाहून विचारले, "एवढ्या पाण्यात ते विमान उतरताना तुमाला भेव न्हाई वाटत?"

मी देवळाच्या कळसाकडे पाहिले. नंतर पायातल्या चपलांकडे पाहिले. तेवढ्यात प्रसाद घेऊन सगळे परत आले.

उत्तर मला जहाजावर परतल्यावर सुचले. मी ते घासूनपुसून तयार केले: 'वाटते. पण तार पकडून विमान थांबते, तेव्हा क्षणभर सगळा समुद्रच थांबल्यासारखा होतो. तुम्ही बोललात तेव्हा तसेच झाले.' हे उत्तर मी लाटांना ऐकवले, आरशाला ऐकवले; या रजेत घरी आल्यावर मल्हारीमामाच्या मेंढ्यांनाही ऐकवले. त्यांनी रवंथ थांबवली नाही, पण विरोधही केला नाही.

आणि आता सृष्टी वडिलांसोबत आमचे घर बघायला येणार होती. हट्टाने येणार होती! तिच्या वडिलांनी, विश्वंभररावांनी, फोनवर सांगितले होते, "पोरगी म्हणते, मी सोता बघते."

मी ठरवले, की ही भेट निर्दोष पार पाडायची. आमचे अंगण एवढेसे आणि वाट उताराची. म्हणून मी पांढऱ्या फक्कीने अंगणात रेघा आखल्या. त्यांची बोलेरो गाडी कोठून आत येईल, कोठे वळेल, कोठे थांबेल, सगळे ठरले. सृष्टीचे दार नेमके तुळशीपाशी उघडेल आणि मी तिथेच उभा राहून ते वाक्य म्हणेन.

आई रेघा ओलांडत म्हणाली, "शिवहार, माणसं येऊन राह्यलेत का इमानं?"

"शिस्त, आई."

"शिस्त चुलीत घाल! तोंडानं 'या, बसा' म्हनशील का तेवढं?"

मी मान हलवली. मान हलवणे मला जमते.

बोलेरो उतारावर दिसली. मी तुळशीपाशी उभा राहून दोन्ही हात वर केले. गाडी रेघेच्या अगदी सरळ येत होती. इतक्यात, दोर तोडून, मामाचा एडका अंगणात आला! त्याचे नाव सरदार. शिंगे दोन वेटोळ्यांची, स्वभाव तिसऱ्या वेटोळ्याचा. तो नेमका रेघांच्या मध्यावर उभा राहिला आणि बोलेरोकडे पाहून त्याने खुर घासला.

वाचकहो, डेकवर अडथळा आला, की येणाऱ्या विमानाला परत पाठवतात. लाल दिवे लागतात. दिवे नसतील तर डोक्यावर हातांची फुली मारतात: उतरू नकोस, निघून जा! हा अधिकार मोठ्या अधिकाऱ्यांचा. माझा मुळीच नव्हे. पण ती खूण रोज पाहून अंगात भिनली होती. जहाजावर जे करण्याची माझी कधी छाती झाली नाही, ते मी साखऱ्यात केले. दोन्ही हातांची फुली! पुन्हा फुली! निघून जा!

गाडी करकचून थांबली. विश्वंभररावांनी काचेतून डोके काढले. "काहून हो? काय तकलीफ झाली?"

मला 'एडका' हा एकच शब्द म्हणायचा होता. घशात तो शिंगांसकट अडकला. मी आणखी जोराने फुली मारली. बोलेरो मागे गेली, वळली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

मला फार समाधान वाटले. मामाने सरदारला शिंगांना धरून ओढत नेले, पुसली गेलेली रेघ मी पुन्हा आखली आणि हात वर करून उभा राहिलो.

आई पोह्यांवर कोथिंबीर घालून बाहेर आली. "पाहुने कुठं हायेत?"

"फेरी मारून येतील."

"कुठून फेरी?"

"परत पाठवलेले विमान फेरी मारून पुन्हा येतेच, आई."

आई माझ्याकडे अशी पाहू लागली, की मला प्रथमच उंचावर असल्यासारखी चक्कर आली. "आरं लेकरा," ती हळूच म्हणाली, "दारातून हाकललेला पाहुना कधी फेरी मारून येतो व्हय?"

मी हात खाली घेतले. समुद्र किती दूर आहे, ते मला तेव्हा कळले.

मामा धावत बातमी घेऊन आला. बोलेरो भावकीतल्या अंगदच्या दारात उभी होती. पाणी प्यायला थांबले, आणि अंगदने त्यांना आत घेतले! अंगद माझ्याच वयाचा, खतांचे दुकान, बोलणे असे, की रिकामे पोतेही भरल्यासारखे वाटावे.

"चल," मामा म्हणाला. "हात जोड आन् सांग, एडका सुटला होता म्हनून. बास!"

अंगदच्या बैठकीत पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या होत्या. सृष्टी कोपऱ्यात बसली होती. मला पाहून तिने मान वर केली. ती नजर वाट पाहणारी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

विश्वंभरराव म्हणाले, "या, फौजी. आता तरी सांगा, आमाला दारातून काहून परत पाठवलं?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. कोठे एखादे इंजिन असते, तर किती बरे झाले असते! मी सुरुवात केली. मला म्हणायचे होते, 'ही खूण हाकलण्याची नसते. ती जीव वाचवण्याची असते.' त्यातले शब्द आतच राहिले. खूण तेवढी बाहेर आली. भर बैठकीत, विश्वंभररावांच्या तोंडासमोर, मी हातांची फुली मारली!

"बघा!" ते उठलेच. "इथूनबी हाकलून राह्यला!"

"बसा हो पाहुने, बसा," अंगद म्हणाला. "च्या येऊन राह्यला." आणि ते बसले. अंगदला ते असे सहज म्हणता आले.

सृष्टीने मान खाली घातली. त्याच आठवड्यात तिची आणि अंगदची सुपारी फुटली.

लग्न साखऱ्यातच होते. मी जहाजावरून पुन्हा रजा मागितली, ती लगेच मंजूर झाली. नको असलेली रजा नौदलात फार लवकर मिळते. अंगद घरी आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शिवादादा, गाड्या लावायचं तुह्याकडंच बरं का! तुह्यासारखं कोन्ही न्हाई."

मी शेतात रेघा आखल्या. ट्रॅक्टर, टेम्पो, जीपगाड्या, सगळ्या नेमक्या जागी उभ्या राहिल्या. सरदारला तिहेरी दोराने बांधले होते.

शेवटी ती बोलेरो आली. मी हात वर केले. विश्वंभररावांनी काचेतून विचारले, "फौजी, आता तरी येऊ का?" मी खुणेने आत घेतले. पुढे, पुढे, सावकाश, बस. असे सुरेख उतरणे मी समुद्रावरही पाहिलेले नाही.

मागची काच खाली झाली. हळदीने माखलेली सृष्टी मुंडावळ्यांच्या आडून म्हणाली, "तुमी सांगितलंच न्हाई. भेव वाटतं का न्हाई?"

आणि वाचकहो, चमत्कार झाला. माझा घसा मोकळा झाला! सगळा समुद्र थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या डोळ्यांत पाहून, स्पष्ट, खणखणीत आवाजात बोललो.

"गाडी थोडी डावीकडे घ्या," मी म्हणालो.