मान जरा खाली घ्या

थोरलीचा फोन आला तेव्हा धाकटी गॅसची शेगडी घासत होती. "आम्ही टीव्हीवर जाणार!" म्हणून थोरलीने जे सुरू केलं, ते संपेपर्यंत शेगडीचा एकच कोपरा लख्ख झाला आणि बाकीची शेगडी तशीच राहिली.

"अगं, ती जंगलातली स्पर्धा गं! जोड्यांना जंगलात नेऊन सोडतात आणि त्यांनी एकमेकांची शिकार करायची. प्रत्येकाच्या गळ्यात लाल रुमाल. ज्याचा रुमाल दुसऱ्या जोडीच्या हातात गेला, तो त्याच्या जोडीदारासकट बाद. शेवटी उरेल ती जोडी जिंकली. हे म्हणाले, आपल्यासारखं जोडपं गेलं नाही तर जाणार कोण?"

"हे" म्हणजे थोरलीचे यजमान. त्यांची जिम होती, आणि जिममधले सगळे आरसे त्यांनी स्वतःच्या सोयीने लावून घेतले होते.

"अजून एक जोडी कमी पडतेय म्हणे त्यांना," थोरली पुढे म्हणाली. "तुझं नाव सुचवणार होते. पण म्हटलं जाऊ दे, तुम्हाला कुठं झेपायचं ते! आणि तुझ्या यजमानांना सलून सोडून करमतं का कुठं?"

"झेपेल," धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

आता असं बघा, धाकटीचं थोरलीशी भांडण काही नव्हतं. प्रेमच होतं. पण लहानपणी फ्रॉक थोरलीचे, दप्तर थोरलीचं, पुस्तकंही थोरलीचीच आणि त्यात गाळलेल्या जागा थोरलीने आधीच भरून ठेवलेल्या. शाळेत बाई हजेरी घेताना म्हणायच्या, "तू त्या हुशार मुलीची बहीण ना?" धाकटीने काहीही करून दाखवलं की घरात एकच वाक्य ऐकू यायचं, "ताईनेही केलं होतं." धाकटीला जंगलाची हौस नव्हती, टीव्हीची तर त्याहून नव्हती. तिला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, थोरलीला हरवायचं होतं.

ती तडक सलूनमध्ये गेली. तिचे यजमान एका गिऱ्हाईकाच्या अर्ध्या चेहऱ्यावरून वस्तरा फिरवत होते. सगळी पेठ त्यांना सलूनवाले म्हणून ओळखायची. माणूस मऊ, आवाज मऊ, हात त्याहून मऊ. उभ्या जन्मात त्यांनी कुणाच्या हातून काही हिसकावून घेतलं नव्हतं, बसमध्ये खिडकीची जागासुद्धा नाही.

"अहो, आपण जंगलात चाललोय," धाकटी म्हणाली.

"बरं," सलूनवाले म्हणाले. "किती दिवस?"

"ताई बाद होईपर्यंत."

खुर्चीतल्या गिऱ्हाईकाने साबणातूनच विचारलं, "कोण गेलं?" त्याला सगळं नीट समजावून सांगेपर्यंत फेस वाळला. मग सलूनवाल्यांनी पुन्हा ब्रश ओला केला आणि हळूच म्हणाले, "जाऊ की. पण माझी पेटी बरोबर घेणार हं."

स्पर्धेत प्रत्येकाला एकच वस्तू नेता येत होती. जिमवाल्यांनी कुऱ्हाड आणली, थोरलीने दुर्बीण. बँकेतल्या दोन मैत्रिणी होत्या, त्यांनी मच्छरदाणी आणि आगपेटी अशी वाटणी केली. वकील बापलेकांनी दोघांनी मिळून दोन चाकू आणले. धाकटीने दोरखंड घेतला. सलूनवाल्यांनी चामड्याची पेटी आणली. तीत कात्र्या, कंगवे, ब्रश, पावडर, पांढरं कापड, सगळा संसार.

"अहो, ही एक वस्तू आहे का?"

"पेटी एकच आहे," सलूनवाले म्हणाले. "हात रिकामे राहिले तर मला झोप लागत नाही."

जंगलात प्रत्येक जोडीमागे एक कॅमेरावाला होता. धाकटीच्या जोडीच्या वाट्याला आलेला कॅमेरावाला बोलायचा नाही. कुणी बाद झालं की शिट्टी वाजवायची, एवढंच त्याचं बोलणं. धाकटीने पहिल्याच दिवशी डेरा टाकला, पायवाटांवर वाळक्या काटक्या पसरल्या, तोंडाला चिखल फासला आणि नवऱ्याच्याही फासला. सलूनवाल्यांनी तो आरशात बघून नीट सारखा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी संधी चालून आली. ओढ्याकाठी थोरले वकील दगडावर बसून बाटली भरत होते, मुलगा लाकडं आणायला गेला होता. धाकटी झुडपात दबा धरून बसली आणि नवऱ्याच्या कानात म्हणाली, "जा. मागून जा. रुमालाचं टोक धरायचं आणि ओढायचं. एवढंच!"

खरं सांगायचं तर माणसाच्या मागे जाऊन उभं राहावं ते सलूनवाल्यांनीच. त्यांचा सगळा जन्म त्यात गेला होता. पाचोळा वाजला नाही, पाणी डुचमळलं नाही. ते वकिलांच्या पाठीशी पोचले, दोन्ही हात पुढे झाले, बोटांत रुमालाची टोकं आली. आणि त्या हातांनी, जे ते वर्षानुवर्षं करत आले होते तेच केलं. रुमाल सारखा केला, कॉलरच्या आत खोचला, मागे बेताची गाठ मारली आणि वरून सलूनवाले म्हणाले, "मान जरा खाली घ्या."

वकिलांनी मान खाली घेतली.

कॅमेरावाल्याची शिट्टी ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबली. मग वकील दचकले, अर्धवट उठले, पण उठता उठता त्यांचा हात कानामागे गेला. "आता आलाच आहात तर," ते ओशाळून म्हणाले, "हे कानावरचे तेवढे… फार खाजतं हो."

सलूनवाल्यांनी झुडपाकडे बघितलं. झुडूप दातओठ खात होतं. त्यांनी पेटी उघडली.

"अहो, ओढा! ओढा तो रुमाल!" धाकटी झुडपातून फिसकारली.

"गिऱ्हाईक बसलंय," सलूनवाले म्हणाले. तेवढ्यात पोरगा लाकडं घेऊन परत येताना दिसला आणि त्याच्यापुढे शोभा नको म्हणून वकील एका बाजूचा कल्ला तसाच ठेवून पळाले.

संध्याकाळी धाकटीने नवऱ्याला फैलावर घेतलं. "हातात आलेली शिकार सोडली! वर पावडर लावून सोडली!"

सलूनवाल्यांनी कंगवा पुसला. मग म्हणाले, "हे बघ, मी वस्तरा उचलला की माणूस गळा पुढे करतो आणि डोळे मिटतो. ओळख ना देख. त्या भरवशावर आपलं घर चाललंय. खुर्चीतल्या माणसाला मी दगा देणार नाही. तू काहीही म्हण."

"खुर्ची कुठं होती? दगडावर बसला होता तो!"

"मी मागे उभा राहिलो की ती खुर्चीच."

धाकटीला नवऱ्याचा राग आला होता आणि त्याच वेळी थोडा अभिमानही वाटला होता. मग तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "आणि खुर्चीतून उठल्यावर?"

"उठल्यावर काय! उठला की तो रस्त्यावरचा माणूस. त्याचं तो बघेल."

"बास," धाकटी म्हणाली. "मला एवढंच हवं होतं."

पळून जाताना वकिलांना बँकेतल्या दोघींनी पाहिलं होतं. जंगलात जिथे प्रत्येकाचा अवतार झालाय, तिथे एक माणूस मानेवरचे केस सफाचट करून, पावडरचा वास सोडत पळतोय म्हटल्यावर त्यांना राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी हात वर करून डेऱ्यापुढे हजर.

"आम्ही लढायला नाही आलो," त्यातली उंच म्हणाली. "फक्त खालची टोकं. फार गुंता झालाय."

"बसा ना," सलूनवाले म्हणाले. त्यांचा चेहरा जंगलात आल्यापासून पहिल्यांदा खुलला. दोघींना आपापले रुमाल सोडून मांडीवर ठेवायला सांगून त्यांनी पांढरं कापड बांधलं, गप्पा मारत केस कापले, कापड सोडलं आणि रुमाल परत त्यांनाच गळ्यात सैलसर बांधायला लावले. शेवटी मऊ ब्रश हातात घेऊन म्हणाले, "उठा आता. डोळे मिटा हं, केस जातील."

दोघी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. सलूनवाल्याने डोळे मिटा म्हटल्यावर उघडे ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"उठल्या?" झाडाआडून धाकटीने विचारलं.

"उठल्या," सलूनवाले नाइलाजाने म्हणाले.

धाकटीने एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरा, असे दोन्ही रुमाल अलगद उचलले. शिट्टी वाजली.

"ही चक्क फसवणूक आहे!" उंच बाई ओरडली.

"शिकार आहे," धाकटी म्हणाली. "केस मात्र छान दिसतायत हं."

दुपारी वकील आपण होऊन परत आले. एक कल्ला वर आणि एक खाली राहिला होता, त्यावरून मुलगा सारखा हसत होता म्हणे. सलूनवाल्यांना ते फार लागलं. आपल्या हातचं काम असं अर्धवट फिरतंय हे त्यांना सहनच होईना. त्यांनी जीव ओतून दोन्ही कल्ले एका रेषेत आणले. वकील उठले, डोळे मिटले, शिट्टी वाजली. त्यानंतर वकील कॅमेरावाल्याशी बराच वेळ वाद घालत होते. केस कापणे ही सेवा असल्याने त्या काळात युद्ध स्थगित मानावं, असा त्यांचा मुद्दा होता. कॅमेरावाल्याने पुन्हा शिट्टी वाजवली.

राहिली एकच जोडी.

"ताईलाही येऊ दे इथंच," सलूनवाले म्हणाले.

"मुळीच नाही!" धाकटी उसळली. "ताईला मी दगडावर बसवून नाही धरणार. पळवून पळवून धरणार. दमली पाहिजे ती. मागे वळून बघितलं पाहिजे तिने आणि मी दिसले पाहिजे."

तिने दोरखंड खांद्याला अडकवला आणि जिमवाल्यांच्या भल्यामोठ्या बुटांचे ठसे हुडकत निघाली. काट्यांतून कोपरांवर सरपटली, ओढा कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडला, एका चढावर दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा पुन्हा चढली. शेवटी थोरलीचा तंबू दिसला. धाकटी बिबट्याच्या चालीने त्याला वळसा घालून पोचली आणि आत झेपावली. तंबूत फक्त दुर्बीण होती.

हात सोललेले, गुडघे फुटलेले, अशी ती परत डेऱ्यावर आली, तर थोरली तिच्याच डेऱ्यापुढच्या दगडावर बसलेली.

थोरली रडत होती. टेहळणीसाठी जिमवाल्यांनी तिला झाडावर चढवलं होतं, आणि त्या झाडाच्या चिकाने तिचे लांबसडक केस, मान आणि रुमाल सगळं एकमेकांना चिकटलं होतं. जिमवाले कुऱ्हाड घेऊन पहारा देत होते आणि सारखे बजावत होते, "सापळा आहे हा! मी सांगतोय, सापळा आहे!"

"असू दे सापळा!" थोरली ओरडली. "तुम्ही चढला असतात स्वतः तर? दंड काय फोटोपुरते आहेत का? अहो सलूनवाले, पहिल्यासारखे होतील ना हो केस?"

"कानापर्यंत कापावे लागतील, ताई," सलूनवाले जड आवाजात म्हणाले. "पण शोभतील तुम्हाला. आधी तो रुमाल सोडवा बघू."

थोरलीने हुंदके देत गाठ सोडली. चिकट रुमाल कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघितलं. समोर धाकटी उभी होती.

"धर जरा," थोरली म्हणाली.

थोरलीने "धर" म्हणायचं आणि धाकटीने हात पुढे करायचा, हे धाकटी रांगत होती तेव्हापासून चालत आलेलं. हात आपोआप पुढे झाला. रुमाल हातात पडला. शिट्टी वाजली.

मग एकच धांदल उडाली. जीप आली, दिवे आले, ट्रॉफी आली, गुळगुळीत कोटातला निवेदक आला. बाद झालेली मंडळी टाळ्या वाजवायला रांगेत उभी राहिली, आणि त्यातल्या बहुतेकांचे केस अगदी व्यवस्थित होते. निवेदकाने धाकटीसमोर माईक धरला. "कसं वाटतंय जिंकून?"

धाकटीने तोंड उघडलं. तेवढ्यात कानापर्यंतच्या नव्या केसांतली थोरली पुढे झाली आणि तिने माईक आपल्याकडे वळवून घेतला.

"खरं सांगू का?" थोरली गोड हसून म्हणाली. "मुद्दामच दिला मी रुमाल. धाकटी आहे हो माझी. एवढी मेहनत करत होती बिचारी, म्हटलं जिंकू दे. लहानपणीही खेळात आम्ही तिला कच्चं लिंबूच धरायचो. नाहीतर रडायची."

"आमचं आधीच ठरलं होतं," जिमवाले छाती काढून म्हणाले.

सगळे हेलावले. निवेदकाने डोळे पुसले. बँकेतली उंच बाई म्हणाली, "बहीण असावी तर अशी!" आणि तेही थोरलीकडे बघूनच.

सलूनवाले धाकटीच्या कानाशी लागले. "खरंच मुद्दाम दिला असेल का गं?"

धाकटीने थोरलीच्या तोंडाकडे निरखून बघितलं. काही कळायला मार्ग नव्हता. कदाचित थोरलीलाही ते कळलेलं नव्हतं. धाकटी रडली नाही. रडण्याचा तर प्रश्नच नव्हता. तिने ट्रॉफी नवऱ्याच्या हातात दिली, थोरलीपाशी गेली आणि तो चिकट रुमाल तिच्या गळ्यात बांधला. गाठ करकचून मारली.

"अगं, काय करतेस? संपलं ना सगळं," थोरली म्हणाली.

"पळ."

"काय?"

"पळ म्हणते ना. मी झाडाकडे तोंड करून उभी राहते. दहा म्हणते."

"वेडी आहेस का? या वयात? टीव्हीवाले बघतायत."

"एक," धाकटी झाडाकडे तोंड करून म्हणाली.

"अहो सलूनवाले, सांगा हो हिला काहीतरी!" थोरली सलूनवाल्यांना म्हणाली. सलूनवाल्यांनी मान हलवली. हे गिऱ्हाईक त्यांच्या खुर्चीतून कधीच उठलं होतं.

"दोन," धाकटी म्हणाली. तो आवाज थोरलीने यापूर्वी कधी ऐकलेला नव्हता. तिने एकदा निवेदकाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं, हातात चपला घेतल्या आणि जीव खाऊन पळत सुटली.

धाकटीने दहापर्यंत सगळे आकडे सावकाश म्हटले, एकही गाळला नाही. मग ती वळली. लांब झाडीत लाल रुमाल दिसत होता, आणि पळता पळता थोरली पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती.