सातव्या जोडाचा संयुक्त अभ्यास

दक्षिण कोरियातल्या उल्सान शहरात, एका रसायन कारखान्यात, बॉयलरपासून सातव्या जोडावर वाफ गळत होती. फोरमन फ्यो गिल-मान शुक्रवारी निवृत्त व्हायचे होते. गळका जोड मागे ठेवून जायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा. काम वीस मिनिटांचं: व्हॉल्व्ह बंद करायचा, जोडातली चकती, म्हणजे गॅस्केट, बदलायचं, बोल्ट आवळायचे. सोमवारी ते पाना घेऊन शिडी चढले.

"हात लावू नका!" खालून डॉक्टर माएंगबाई ओरडल्या. त्या ऊर्जाबचतीच्या संयुक्त संशोधनाच्या प्रमुख. तीन कंपन्या, दोन विद्यापीठं, एक सामंजस्य करार.

"बाई, वाफ वाया चाललीय."

"म्हणूनच तर! ही गळती आमची मूळ नोंद आहे. तीच बदलली, तर बचत कशाशी ताडून बघायची?"

फ्यो उतरले. मंगळवारी लक्षात आलं, की जोडात गंज साचून गळती आपोआप कमी होतेय. संशोधन धोक्यात आलं. तातडीची बैठक बसली आणि गळती स्थिर राखण्यासाठी वाफेचा दाब वाढवायचं ठरलं. बुधवारी कळलं, की उरलेल्या दोन कंपन्यांचा सातवा जोड गळतच नाही. मग तुलना कशी व्हायची? त्यांनी सहकार्याच्या भावनेने आपापले जोड ढिले केले. पाहणीला तज्ज्ञ म्हणून फ्योंना नेलं.

"दादा," सोबतचा फिटर क्वाक खिदळला, "तीस वर्षं तू गळत्या बुजवल्यास, पण कुणी कॉफी विचारली नाही. आता बघ थाट!"

गुरुवारी सगळे किमचीचं सूप ओरपत असताना फ्योंनी गुपचूप गॅस्केट बदललं. फुसफुस थांबली. वाफेचा खप धाडकन बारा टक्क्यांनी उतरला.

माएंगबाई आकडा बघून धावत आल्या. "फोरमनसाहेब, हे एकट्याने केलंत?"

"हो. अठरा मिनिटांत."

"मग ही बचत धरता येणार नाही. करारात स्पष्ट लिहिलंय, बचत संयुक्तच हवी."

तेव्हा नवं गॅस्केट काढून जुनं बसवलं आणि शुक्रवारी ते सगळ्यांनी मिळून बदलायचा रीतसर समारंभ ठेवला. फलक लागला, फुलं आली. पाचही संस्थांच्या प्रमुखांनी पांढरे हातमोजे घालून एकच पाना धरला. वडीलधाऱ्यांच्या आधी जोर लावणं बरं दिसत नाही, म्हणून चौघं थांबले. सर्वांत वडील अध्यक्ष कॅमेऱ्याकडे बघत होते.

"फायटिंग!" अशी जोशाची कोरियन आरोळी उठली आणि पाच मुठी वर गेल्या.

"साहेब, पाना फिरवा ना!" फ्यो मागून कळवळले.

"काका, बाजूला व्हा, फोटोत येताय," छायाचित्रकार म्हणाला.

टाळ्या झाल्या. पाना मखमली पेटीत ठेवून प्रदर्शनाला पाठवला. संध्याकाळी फ्योंना गुच्छ मिळाला आणि ते फुसफुस ऐकत फाटकाबाहेर पडले.

फोटो पेपरात पहिल्या पानावर आला. मागचे वाफेचे ढग फारच देखणे दिसत होते. तुम्हीही तो पाहिला असेल. 'चला, कुणीतरी काहीतरी करतंय' असं म्हणून एसी आणखी दोन अंश खाली केला असेल आणि पान उलटलं असेल.