अण्णांच्या छातीवरची ओळ

आमचे घरमालक ज्ञानोबाअण्णा पहाटे मोशीच्या गल्लीतून धावतात, तेव्हा नव्या भाडेकरूंना वाटतं, चोर सुटलाय. पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज, डोक्यावर माकडटोपी, आणि समोर कुणी आलं की ओरडणं, "बाजू! बाजू!" धक्का लागलाच तर म्हणतात, "हॉर्न दिला हुता."

अण्णा चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. आमच्या आईचा चहा एकदाच 'पास' झालाय. मी मैत्रिणीच्या भावाचे धावायचे बूट आणून दाखवले, तर त्यांनी टाच अंगठ्यानं दाबली. "दबतंय. रिजेक्ट."

कर्करोगावरच्या संशोधनाला पैसे जमवायला मॅरेथॉन होती, तिच्यात त्यांनी नाव घातलं होतं. अर्धीही असते, असं मी भीत भीत सुचवलं. "अर्धवट माल आपण कदी सोडला न्हाई," अण्णा म्हणाले.

प्रत्येक धावणाऱ्यानं ओळखीच्यांकडून पैसे जमवायचे होते. अण्णा गावात फिरले, मीही सोबत होते.

"पेशंट कोण हाय?" पहिल्याच दारात प्रश्न आला.

"पेशंट न्हाई. संशोधन हाय."

"मग पैसं कुणाला द्यायचं?"

"उद्या कुणाला हू नये म्हणून."

"उद्याचं उद्या बघू की अण्णा. कुणाचं आपरेशन असलं तर सांगा, लगेच देतो."

गावाचं चुकत होतं असंही मला म्हणता येत नाही. इथं माणूस बघून पैसे देतात. आणि पेशंट सापडेना, म्हणून गावानं तो शोधून काढला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं, अण्णांनाच झालाय, बिचारे लाजतायत. शेजारणी मऊ भात घेऊन आल्या. पारावरची मंडळी आली, गटारीत गुटखा थुंकली आणि अण्णांच्या खिशात नोटा कोंबू लागली. "खचायचं न्हाई, राव."

"आरं मी ठणठणीत हाय! रोज पळतोय, दिसत न्हाई व्हय?"

"सुरवातीला सगळीच असं म्हणत्यात."

अण्णांनी घरोघर जाऊन सगळे पैसे परत केले. तेव्हा लोक जास्तच चिडले. आजार नाही म्हणजे फसवलंच की!

तोवर मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. मग शर्यतीचा छातीवर लावायचा कागद आला. त्यावर छापलं होतं, 'मी धावतोय यांच्यासाठी', आणि पुढे मोकळी ओळ. माझं अक्षर बरं आहे म्हणून अण्णांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"मारुती लिही."

मारुतीकाका म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. दोघांच्या घरांमध्ये वर फुटक्या काचा रोवलेली भिंत आहे. जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद झालं, ते बंदच राहिलं. काकांना तोंडाचा कर्करोग झाला, तेव्हा अण्णा रोज दवाखान्यात जायचे आणि पार्किंगमधूनच परत यायचे. मॅरेथॉनची जाहिरात त्यांनी तिथल्याच भिंतीवर वाचली होती. भाऊ गेल्याचं त्यांना चौकातल्या फ्लेक्सवरून कळलं. शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं होती. अण्णांचं नव्हतं.

मी पेन टेकवलं, तसं ते म्हणाले, "थांब. आदी इचारून येतो."

ते भिंतीपलीकडे गेले. पुतण्याचा आवाज आमच्या खोलीत स्पष्ट आला. "आमच्या बापाच्या नावावर फोटो काढायचेत व्हय? जित्तेपणी पाणी न्हाई पाजलं. कोर्टात तारीख हाय, तिथं या."

अण्णा परत आले. मला वाटलं, शिव्या देतील. "त्याचं बराबर हाय," एवढंच म्हणाले. "मोकळंच राहू दे."

अण्णा शर्यतीत सगळ्यात शेवटी आले. तोवर रस्ता वाहनांना खुला झाला होता, कमान उतरवत होते, मागून कंपनीच्या बस हॉर्न मारत होत्या. अण्णा कडेनं लंगडत आले. टाळ्या वाजवायला मी एकटीच होते. मी वाजवल्या, मग माझी मलाच लाज वाटली.

पदक देणाऱ्या मुलीनं त्यांच्या छातीकडे पाहिलं. "काका, नाव राहिलंच की! कुणासाठी धावलात?"

अण्णांना बोलायला दम नव्हता.

"मी लिहू? 'सर्वांसाठी' लिहिते, छान दिसेल." तिनं पेन काढलं.

अण्णांनी ओळीवर तळहात ठेवला.

"नको पोरी. मोकळं न्हाई ते. आमचा धाकटा हाय तितं."

तिला काही कळलं नाही. ती हसली आणि पदक गळ्यात घालून निघून गेली. मी रिक्षा थांबवली. अण्णा एका हातानं दांडी धरून कसेबसे चढले. दुसरा हात त्यांनी छातीवरून काढला नाही.