भिंतीचं ग्राउंडवर्क

"रंगाचं नंतर बघू. आधी ग्राउंडवर्क!" साहेबांनी रंगाऱ्याला बजावलं आणि खुर्ची ओढून त्याच्या समोरच ठाण मांडलं.

हा शब्द कायम त्यांच्या जिभेवर. "कामाच्या आधीचं काम म्हणजे ग्राउंडवर्क. ते पक्कं, तर सगळं पक्कं," असं ते ज्याला त्याला समजावत. त्याच्या जोरावर त्यांनी ऑफिसात तीस वर्षं काढली, पण एक काम हातावेगळं केलं असेल तर शपथ. घरातल्या या भिंतीचे पोपडे बारा वर्षं गळत होते आणि साहेबांचं ग्राउंडवर्क चालूच होतं. शेवटी परवा बायको बॅग भरून बहिणीकडे निघाली. "भिंत रंगली की फोन करा. नाहीतर करूच नका," म्हणाली. तेव्हा कुठे साहेबांनी रंगाऱ्याला बोलावलं.

"साहेब, घासून दोन हात मारतो. संध्याकाळी मोकळे," रंगारी म्हणाला.

"आणि आतून पोकळ असली तर?" साहेबांनी भिंत टकटक वाजवली. "ऐक! गिलावा काढ."

गिलावा निघाला. आतली एक वीट हलत होती.

"काढ तीसुद्धा."

"अहो, एका विटेची भिंत आहे. पलीकडे शेजारीण राहते!"

"मुळाशी गेल्याशिवाय ग्राउंडवर्क कसलं?" साहेब इरेला पेटले.

छिन्नीचे दोन घाव बसले आणि वीट धाडकन पलीकडे पडली. "अगं आई गं!" कुणीतरी किंचाळलं. साहेबांनी घाबरत भोकातून डोकावलं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या खोलीत, हातात चहाचा कप घेऊन, त्यांची बायको बसली होती.

"तू? तू तर बहिणीकडे..."

"गेलेच नाही." ती शांतपणे कपातली माती बघत होती. "शिवण शिकतेय. कायमचं वेगळं राहायचं ठरवलं, तर एकटीला पोट भरता येईल का, ते बघतेय. तुम्हीच म्हणता ना, आधी ग्राउंडवर्क?"

एरवी साहेबांनी तासभर प्रस्तावना केली असती. आता त्यांच्या तोंडून कशीबशी दोनच अक्षरं फुटली.

"नको."

बायकोने कप खाली ठेवला.

"साहेब, भोक बुजवायला घेऊ का?" रंगाऱ्याने विचारलं.

"थांबा हो जरा," पलीकडून बायको म्हणाली. "आत्ता कुठे हे एका शब्दात बोललेत."