दोन्ही इंजिनं एक नंबर

"तीन?" विजयसिंहांनी डोळे बारीक केले. "तीन नंबर म्हंजी डिपॉझिट जप्त. माज्या इंजिनाला तीन नंबर कावून?"

उत्तरेश्वर सरांनी हातातलं खेळण्याएवढं इंजिन उताणं केलं. त्याच्या पोटातून लाल, काळी, नारिंगी आणि करडी अशा तारा लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकाला नखाएवढी एक चिप होती. तिला डीकोडर म्हणतात. "दादा, कारखान्यातून येतानाच त्याला तीन नंबर असतो," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "समद्यांचा तीनच. आपल्याला पायजे तो बदलून देता येतो."

"मंग एक द्या. दोन न्हाई, दीड बी न्हाई."

सरांनी मान डोलावली. मान डोलावणं ही सरांची खरी विद्या होती. बाकी आयटीआयमध्ये ते तारांचे जोड शिकवत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे बहुतेक किराणा दुकानं चालवत.

हे इंजिनाचं प्रकरण उपटलं गणेश मंडळाच्या बैठकीत. बीडला रेल्वे आली, गावाला काही आली नाही, तेव्हा निदान देखाव्यात तरी आणू, असं ठरलं. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण मंडळाला अध्यक्ष दोन होते, विजयसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ सुंदरराव. एका बांधावरून दोघांचं बिनसलेलं, त्यामुळे गावाला स्वागताच्या कमानीही दोन, आणि एकाच्या कमानीखालून दुसरा जात नसे. इंजिनावर फोटो कुणाचा लावायचा, यावर बैठक जेवणाची वेळ टळेपर्यंत चालली. शेवटी इंजिनं दोन ठरली. डब्यांचा विषय कुणी काढलाच नाही. डब्यात माणसं बसतात, आणि माणसांसाठी हे चाललंच नव्हतं.

अडचण एवढीच, की रूळ एक आणि गोल. त्यात वीज सोडली की वरची दोन्ही इंजिनं एकदम पळणार. म्हणजे एका भावानं बटण दाबायचं आणि दुसऱ्याचं इंजिन फुकटात हलायचं. हे दोघांनाही सोसणार नव्हतं. तेव्हा सर उठून म्हणाले, "डिजिटल करू. दोन्ही इंजिनांत डीकोडर घालू. ज्याला त्याला आपला नंबर, आपला रिमोट. ज्याचं त्यानं हालवावं."

सर उगाच उठले नव्हते. त्यांची मोसंबीची बाग वाळत चालली होती. विहीर ओढ्यापलीकडे, बाग अलीकडे, आणि मधे या दोन भावांची रानं एकाला एक लागून. दोघांनी हो म्हटल्याशिवाय पाइपलाइन येणार नव्हती, आणि एकानं हो म्हटलं की दुसरा नाही म्हणणार हे ठरलेलं. तोवर सरांच्या पत्नी सुभद्राबाई हापशावरून घागरी वाहून झाडं जगवत होत्या. सर बांधावर उभे राहून त्यांना कोणतं झाड राहिलं ते सांगत.

विजयसिंह गेले आणि दुसऱ्या दिवशी सुंदरराव आले. "विजूच्या इंजिनाला कितवा नंबर दिला?"

"अजून ठरलं न्हाई, आबा," सरांनी ठोकून दिलं.

"त्याचं काय बी ठरू द्या. आपलं एक नंबर पायजे. तुमच्या पाइपाचं मंग बसून बोलू."

सरांनी पुन्हा मान डोलावली.

"दोगांला एकच नंबर?" चहाचा कप पुढे करत सुभद्राबाईंनी विचारलं. "मंग एकाला हाक मारली की दोगंबी ओ देतेल की."

"तुला डिजिटलमधलं काय कळतंय? ते दोगं एका टायमाला मांडवात येतच न्हाईत. दादा सकाळच्या आरतीला, आबा सांजच्या. ज्याची आरती, त्याचं इंजिन रुळावर."

सुभद्राबाई उठल्या. त्यांनी घागर उचलली.

मग सरांनी कामाला हात घातला. पहिला डीकोडर त्यांनी मोटर इंजिनाच्या लोखंडापासून वेगळी न करताच जोडला. त्यातून धुराची बारीक रेघ निघाली आणि घरभर जळका वास सुटला. मंडळाला त्यांनी सांगितलं की टेस्टिंग चालू आहे. पुण्याहून दुसरा मागवला, तोही मंडळाच्या खर्चानं. लाल-काळी तार चाकांकडे आणि नारिंगी-करडी मोटरकडे, एवढं त्यांना पाठ होतं. नारिंगी आणि करडीची अदलाबदल झाली तर इंजिन उलटं धावतं, हे सोबतच्या कागदावर छापलं होतं. त्या कागदावर सरांनी चहाचा कप ठेवला होता.

सुंदररावांच्या इंजिनात नेमकी तीच अदलाबदल झाली. पण कळणार कसं? इंजिन दोन्ही टोकांना सारखंच. वर भावांनी हुकूम सोडलेला, की पुढून-मागून दोन्हीकडून आमचाच फोटो दिसला पाहिजे. सरांनी चारही टोकांना फोटो डकवले, दोन्ही टपांवर ठसठशीत 'एक' रंगवला, आणि एकेक इंजिन एकट्यानं फिरवून पाहिलं. दोन्ही छान फिरली. सर स्वतःवर बेहद्द खूश झाले.

पुढे तालुक्याच्या देखावा स्पर्धेचा दिवस उजाडला. केजहून परीक्षक म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका वनमालाबाई येणार होत्या, सोबत फोटोग्राफर. फोटोग्राफर म्हटल्यावर दोन्ही भाऊ एकाच वेळी मांडवात हजर झाले. दोघांनी आपापला नारळ फोडला, आपापलं इंजिन रुळावर ठेवलं आणि आपापला रिमोट हातात घेतला. बाईंसमोर सर काय सांगणार? ते खांबाआड सरकले.

विजयसिंहांनी रिमोटवरची चकती फिरवली. दोन्ही इंजिनं निघाली, एक इकडून, एक तिकडून.

"माजं इंजिन कुणी हालवलं बे?" म्हणत सुंदररावांनी आपली चकती शेवटपर्यंत फिरवली. दोन्ही इंजिनं सुसाट सुटली आणि थेट गणपतीच्या पायाशी एकमेकांवर आदळली. फोटोला फोटो भिडला. चाकं जागच्या जागी घुरघुरत राहिली.

"मागं घे, विजू."

"तू घे."

कित्येक वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले ते हे पहिल्यांदा. विजयसिंहांनी वैतागून चकती उलटी फिरवली, तशी दोन्ही इंजिनं मागं हटली. आपण हटलेलं पाहून सुंदररावांचा चेहरा पडला. त्यांनी चकती पुढे केली. पुन्हा टक्कर. मांडवातली पोरंसोरं टाळ्या पिटू लागली.

वनमालाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "देखाव्याचा विषय काय आहे?"

सर खांबाआडून बाहेर आलेच नाहीत. बायकांच्या रांगेतून सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊबंदकी."

बाईंनी मान हलवली. "एकच रूळ. दोघंही एक नंबर. आणि गाव जिथल्या तिथं. फार बोलका देखावा आहे."

पहिलं बक्षीस मिळालं. ढाल एकच होती, म्हणून दोघांनी दोन्हीकडून धरली. देखावा पाहायला नांदूरघाटपासून माणसं येऊ लागली, तसा भावांचा राग उतरला. आपली खिल्ली उडते आहे हे कळण्याइतकी अक्कल दोघांनाही नव्हती, आणि फोटो तर पेपरात आला होता. विसर्जनापर्यंत रोज दोघं वेळेवर येऊन टक्कर देऊन गेले.

त्या खुशीत पाइपलाइनलाही परवानगी मिळाली. विजयसिंहांनी एकच अट घातली. "माज्या रानातला व्हॉल्व्ह एक नंबर पायजे." सुंदररावांनीही तीच घातली. सरांनी दोन्हीकडे मान डोलावली आणि इंजिनाच्या उरलेल्या रंगानं दोन्ही व्हॉल्व्हांवर 'एक' काढला.

पाइप पडला. विजयसिंहांनी आपला व्हॉल्व्ह उघडला, की आधी त्यानं कावून उघडला म्हणून सुंदरराव आपला बंद करतात. सुंदररावांनी उघडला, की विजयसिंह बंद करतात. बागेत अजून थेंब आलेला नाही.

सर परवा बांधावर ओणवे होऊन कोरड्या पाइपाच्या तोंडाशी कान लावत होते. सुभद्राबाई हापशावरून आल्या आणि घागर त्यांच्यासमोर टेकवली.

"इंजिनाचा रंग उरलाय का?" त्यांनी विचारलं. "ह्या घागरीवर बी एक काढून द्या."