डोमाजीभाऊ, शकूमावशी आणि आठ दिवे

डोमाजीभाऊ कुणाच्या घरी गेले की पाणी मागायच्या आधी भिंतीवरून आलेली इंटरनेटची वायर चिमटीत धरतात आणि विचारतात, "इची परीक्षा झाली का?" घरातल्या माणसांची तब्येत त्यानंतर.

मोहर्लीत आमचं छोटं होमस्टे आहे आणि भाऊंचं घर अगदी लागून. ताडोबा बघायला आलेल्या पाहुण्यांना सकाळी वाघ लागतो आणि खोलीवर परतलं की वायफाय. पण आमच्याकडचे वानर छपरावरून उड्या मारताना वायरीच धरतात. त्यामुळे भाऊंना कामाचा तुटवडा नाही. नवी वायर ओढायची, टोकांना प्लास्टिकचे पारदर्शक जॅक बसवायचे आणि मग शर्टाच्या खिशातून टेस्टर काढायचा.

हा टेस्टर दिसायला खेळण्यासारखा. बाजारातला सगळ्यात स्वस्त. त्याचे दोन तुकडे: मोठा वायरीच्या एका टोकाला लावायचा, धाकटा दुसऱ्या. आतल्या आठ तारा जागच्या जागी असतील तर दोन्हीकडे एक ते आठ दिवे ओळीने लागतात. तारांची अदलाबदल झाली की धाकट्याचे दिवे भलत्याच क्रमाने उड्या मारतात.

"महागाची मशीन लई बोलते," भाऊ म्हणतात. "हे फक्त पास का नापास सांगते. मानसाले अजून काय पाह्यजे?"

लांबच्या वायरीला धाकट्यापाशी कुणीतरी उभं राहावं लागतं. बहुधा मीच. भाऊ अंगणातून ओरडतात, "सांगा, बाई!" आणि मी खोलीतून ओरडते, "एक! दोन! तीन!" एकदा एका पाहुणीने घाबरत विचारलं होतं, "इथे एवढे वाघ आलेत का हो?"

चंद्रपूरच्या दुकानात ते खोक्यातली कोरी वायरही काउंटरवरच तपासतात. दुकानदार एकदा वैतागला, "अहो भाऊ, डोळ्यांनी दिसते ना नवी आहे!"

"डोळ्यानं तर वाघाचं पिल्लूही मांजर दिसते," भाऊ म्हणाले आणि तिसऱ्या वायरीला हात घातला.

भाऊंनी कधी भीडेखातर पास दिला नाही. सरपंचांच्या मुलाने हौसेने बसवलेला जॅक त्यांनी भर चहाच्या टपरीवर नापास केला. लग्नातल्या भाजीबद्दल विचारलं तरी तेच. आयुष्यात त्यांना गोड खोटं बोलताच आलं नाही, आणि त्यामुळेच गावात त्यांचा शब्द पक्का.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, शकूमावशीला, लकवा मारला. पाय हळूहळू सुधारला, पण उजव्या हाताची बोटं ऐकेनात. डॉक्टरांनी बोटांना बारीक काम द्यायला सांगितलं. भाऊंनी ताटात तांदूळ आणि डाळ मिसळून ठेवली.

मावशीने दोन दिवसांत ताट ढकललं. "मी काय कोंबडी हाओ? दाने वेचून राह्यली! तुमच्या वायरी द्या मले."

झालं. मावशी ओसरीवर खाटेवर बसून आठ रंगीत तारा सरळ करायची, जॅकमध्ये सरकवायची. एका जॅकला अख्खी दुपार लागायची. मग भाऊ शेजारी बसून टेस्टर लावायचे, धाकटा तुकडा आपल्या गुडघ्याआड ठेवायचे आणि म्हणायचे, "पास."

मला कौतुक वाटलं. पण एकदा आमच्या मागच्या पडवीत भाऊ मावशीच्या वायरींचे जॅक छाटून नवे बसवताना दिसले.

"भाऊ, या तर पास झाल्या होत्या ना?"

भाऊंनी मान वर केली नाही. "एकही नाई, बाई. तिले सांगू नोका."

ते जोराने जॅक दाबत राहिले. मी आत निघून आले.

पावसाळा सरला, सफारीचे गेट उघडले. एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. भाऊंनी नेहमीसारखी मावशीची वायर लावली. गुडघ्याआडचे दिवे माझ्या बाजूने दिसत होते. एक, दोन, तीन, चार... ओळीने आठही. भाऊंनी पुन्हा पाहिलं. पुन्हा आठ.

आता बिचारे म्हणणार काय? पास तर ते रोजच म्हणत आले होते.

"पास," भाऊ म्हणाले. पण आवाज मधेच फाटला.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. "आज खरंच झाली वाट्टे."

"म्हंजे? रोजच होते ना..."

"राहू द्या. जॅक काचेवानी हाय. कोनता रंग कुठी गेला, मले दिसत नाई का?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"माहा हात शिकून राह्यला होता आन् तुमी खोटं बोलनं शिकून राह्यले होते. म्हटलं, शिकू द्या. या वयात कोन नवीन शिकते?"

भाऊ उठले. टेस्टर माझ्या हातात देऊन घरामागे मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी उठायला लागले तशी मावशीने डाव्या हाताने मला खाली बसवलं.

"बस तू. तोंड धुवून राह्यले. येतीन."

मग तिने उजवा हात पुढे करून दुसरी वायर उचलली, आणि मोरीतलं पाणी थांबेपर्यंत ती मुद्दामच हळूहळू तारा सोडवत बसली.